हजेरीपुस्तकाबाहेरची बाई

संग्रामपुरात ‘भाविक बाई’ म्हटलं की कुणाला फार समजावून सांगावं लागत नाही. गुरुवारी शेगावला जाणारी, एकादशीला घासभरही तोंडात न घेणारी, पालखी येणार म्हटलं की पहाटेपासून भाकरी थापणारी बाई गल्लोगल्ली असते. ती गेली की तेराव्याला जमलेले लोक एकच सांगतात : तिनं नेम कधी मोडला नाही. वरवट बकालवरून शेगाव आणि तिथून पुढे खामगाव असा एस.टी.नं प्रवास केला की या बाईची एक सख्खी बहीणच भेटते. ती रविवारी निघते. डोक्यावर पदर, पिशवीत पवित्र शास्त्र आणि ‘उपासनासंगीत’, रुमालाच्या गाठीत दानार्पणाचे पैसे. ती प्रभुवासी झाली की स्मरणाच्या उपासनेत पाळकसाहेब, मग मंडळीतले वडील, मग महिला मंडळातली एखादी बाई उठून सांगते : आमच्या बाईंनी एकही रविवार चुकवला नाही.

अशा सभांना मी बसलो आहे. वाक्य खोटं नसतं. बोलणाऱ्याचा गळाही खरोखर दाटलेला असतो. तरी ते ऐकलं की मला आमच्याकडचं रोजगार हमीचं मस्टर आठवतं. मस्टरवर बाईचं नाव असतं, पुढे हजेरीच्या खुणा असतात. पण तिनं किती माती उपसली, किती खडी फोडली, हे मस्टर सांगत नाही. त्यासाठी मोजमापाचं पुस्तक वेगळं असतं आणि मजुरी ठरते ती त्या पुस्तकावरून. भाविक बाईच्या बाबतीत मात्र आपण नुसतं मस्टर वाचून दाखवतो आणि सभा संपवतो. ती देवळात किंवा देवळाबाहेर कशावर अडून बसली, कुणाशी भांडली, कुठली शिकवण तिनं मान हलवून ऐकली आणि घरी येऊन बाजूला ठेवली, कुठल्या रात्री तिचा विश्वास डगमगला, हे कुणी विचारत नाही. विचारणं जणू गैर. मला वाटतं, हे न विचारणंच गैर आहे. भक्तीचं कौतुक करता करता आपण बाईचं डोकं पुसून टाकतो.

हा दोष काही खामगावच्या नाही तर संग्रामपूरच्या लोकांनी शोधून काढलेला नाही. तो फार जुना आहे, शुभवर्तमानाइतका जुना. बेथानी गावात शिमोनाच्या घरी येशू जेवायला बसला असताना एक बाई येते, जटामांसीच्या महागड्या तेलाची कुपी फोडते आणि तेल त्याच्या डोक्यावर ओतते. बसलेले पुरुष लगेच हिशेब मांडतात : हे तेल तीनशे दीनारांहून जास्त किमतीला विकता आलं असतं, पैसे गरिबांना देता आले असते. दीनार म्हणजे त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई त्या बाईनं एका क्षणात ओतली. येशू तिची बाजू घेतो आणि सांगतो, की जगात जिथे जिथे ही सुवार्ता सांगितली जाईल तिथे तिथे हिनं जे केलं तेही हिच्या स्मरणार्थ सांगितलं जाईल. आता मार्काचा चौदावा अध्याय उघडून पाहा. स्मरणाचं एवढं मोठं वचन ज्या बाईला दिलं, तिचं नावच मार्कानं लिहिलेलं नाही. ज्याच्या घरी जेवण होतं त्या शिमोनाचं नाव आहे, तिचं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात अशाच प्रसंगी मरीया हे नाव येतं. मार्काच्या पानावर मात्र ती नुसती ‘एक स्त्री’. आठवण ठेवतो म्हणणारेही बाईचं नाव विसरतात, याचा याहून अस्सल पुरावा मला तरी माहीत नाही.

आपल्या वऱ्हाडात हेच पुन्हा घडलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनची माणसं अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या पट्ट्यात आली. १८९६–९७ आणि त्यामागोमाग १८९९–१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले. दुसऱ्याला लोक अजून ‘छप्पनचा’ म्हणतात, संवत १९५६ वरून. आईबाप गमावलेली पोरं या मिशनच्या आश्रमांत वाढली आणि आजच्या कित्येक मंडळ्यांची मुळं तिथवर जातात. या मिशनमध्ये जेनी फुलर नावाची बाई होती. हिंदुस्थानातल्या बायकांच्या दुःखावर तिनं लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव काय, तर मिसेस मार्कस बी. फुलर. बायकांवरच्या अन्यायाचं पुस्तक, आणि नाव नवऱ्याचं! मडमेचीच ही गत, तर तिच्याबरोबर उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या मराठी बाईला कोण विचारतो?

त्या बाईला ‘बायबल वुमन’ म्हणत. ही कल्पना मूळ लंडनची. १८५७ साली एलन रॅनयार्ड या बाईनं तिथल्या गरीब वस्त्यांसाठी गरीब वस्त्यांतल्याच बायका पगारावर नेमल्या, कारण जिथे पाद्री उंबऱ्याबाहेर उभा राहतो तिथे बाई थेट चुलीपाशी जाऊन बसते. आपल्याकडे ही युक्ती दुप्पट कामाची ठरली. माजघरात परका पुरुष जाऊ शकत नव्हता. बायबल वुमन जात होती. ती गोष्ट सांगे, गाणं शिकवी, जमलं तर अक्षरं गिरवून घेई, बाळंतिणीची चौकशी करी, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवी. बहुधा ती स्वतः विधवा, टाकलेली नाही तर दुष्काळातून वाचलेली. मिशनच्या अहवालांत ती भेटते ती मुख्यतः आकड्यानं : अमुक ठाण्यावर इतक्या बायबल वुमन. क्वचित एखादं पाळण्यातलं नाव, तेही इंग्रजी स्पेलिंगमध्ये मोडलेलं. वऱ्हाडात ख्रिस्ताचं नाव ज्यांच्या तोंडून घरांत पोचलं, त्यांचं स्वतःचं नाव तिथेच अडलं.

तेव्हा प्रश्न असा, की मोजमापाचं पुस्तक कुणी लिहायचं? माझं उत्तर सरळ आहे. बाईनं स्वतः. आणि हे स्वप्नरंजन नाही, कारण मराठीत ते एकदा घडलेलं आहे, आणि असं घडलेलं आहे की आपल्या आत्मचरित्रांत त्याच्या तोडीचं फार थोडं सापडेल.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरात वडिलांचं सोवळं म्हणजे भक्तीचा आजार झालेला होता. १८५७च्या बंडानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यानं त्यांच्या मनानं शुद्धतेचा जो ध्यास घेतला तो सुटलाच नाही. घरात येणारी वस्तू, धान्य असो की मीठ, धुतल्याशिवाय आत यायची नाही. धर्म माणसाला किती छळू शकतो आणि त्या छळाकडे पाहून किती हसता येतं, या दोन्हीचं शिक्षण या मुलीला एकाच घरात मिळालं. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा कवी : नारायण वामन टिळक. हुशार, उतावळा, सांगितल्यावाचून घर सोडून जाणारा, खिशातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यानं मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोच्या पायाखालची जमीन गेली. पुढची जवळजवळ पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या.

यानंतर जे झालं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण साक्ष देताना लोक नेमकं हेच घाईनं उरकतात. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. गेल्या आणि आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवून राहिल्या. एका घरात दोन धर्म. नवऱ्यानं पुष्कळ समजावलं असेल, पण नवरा सांगतो म्हणून त्या हलल्या नाहीत. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, त्याच्याशी झोंबत बसल्या, आणि उत्तर मिळालं तेव्हा सोवळ्याची भिंत त्यांनी आपल्या हातानं पाडली. बाप्तिस्मा त्याच्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आधी विचार, मग पाणी. भोळ्या भक्तीची जी तसबीर आपण भिंतीवर टांगतो तिच्यात हा क्रम कुठे बसतो? बसत नाही, म्हणून आपण ‘पतीच्या पाठोपाठ त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला’ असं एका ओळीत लिहून टाकतो. पाठोपाठ! पाच वर्षं, दोन चुली आणि लहानपणापासूनचं सोवळं या एका शब्दाखाली गाडलं जातं.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं पुस्तकरूपात आलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या आणि शेवटचा भाग त्यानंतर निघाला. शाळा कधी न पाहिलेल्या बाईनं, बोलावं तसं लिहिलेलं हे पुस्तक. त्यात नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असा, जणू शेजारच्या घरातल्या गृहस्थाबद्दल सांगावं तसा. भक्ती आहे, पण ती हात जोडून फोटोला उभी राहिलेली नाही. ती नवऱ्याच्या वेडेपणावर हसते, स्वतःच्या भित्रेपणावर त्याहून जास्त हसते. घरात तेल नाही आणि टिळक आणखी एका अनाथ पोराला घेऊन आले, हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार आणि अभिमान यांची इतकी सरमिसळ असते की वेगळं काढता येत नाही. मिशनऱ्यांचं चांगलं ते चांगलं म्हणून सांगितलंय, आणि खुपलं ते खुपलं म्हणून.

आणि तरी या पुस्तकाचं लोकांनी काय केलं पाहा. जोसेफिन इंक्स्टर बाईंच्या इंग्रजी भाषांतराची एक संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिचं नाव ‘फ्रॉम ब्रह्मा टू क्राइस्ट’. ब्रह्मापासून ख्रिस्तापर्यंत, म्हणजे आयुष्य नव्हे, आगगाडीचा प्रवास, इथे बसली तिथे उतरली. २०१७ मध्ये शांता गोखल्यांनी संपूर्ण पुस्तकाचं फार चांगलं इंग्रजी भाषांतर केलं. त्याच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई ‘स्पिरिटेड वाइफ’ आहेत. बाणेदार, हो, पण बायको. (प्रकाशकांची गरज मला कळते. तरी खटकायचं ते खटकतंच.) मिशनवाल्यांना त्या धर्मांतराची साक्ष म्हणून हव्या होत्या, साहित्यवाल्यांना विनोदी गृहिणी म्हणून. टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’चे सुरुवातीचे दहाअकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले; १९१९ मध्ये ते गेले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध केले आणि ग्रंथ पुरा केला. येशूचं आयुष्य एवढ्या ओव्यांत बसवायचं तर कुठला प्रसंग घ्यायचा, कुठे थांबायचं, कुणाच्या तोंडी काय घालायचं, हे पावलोपावली ठरवावं लागतं. हे ठरवणं म्हणजे धर्मचिंतनच. पण ‘नवऱ्याचं अपुरं काम पुरं केलं’ यापुढे आपलं कौतुक जात नाही. पुरुषानं केलं असतं तर त्याला आपण खुशाल धर्मपंडित म्हटलं असतं.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला वेगळीच वाटणी आली. त्यांना आपण अर्धं अर्धं कापून घेतलं. समाजसुधारकांनी शारदासदन घेतलं, विधवांचं शिक्षण घेतलं, आणि चर्च बाजूला ठेवलं. चर्चनं मुक्ती मिशन आणि बायबलचं भाषांतर घेतलं. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. दोन्ही बरंच आहे. पण २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर याच रमाबाई तिथल्या जेराल्डिन सिस्टरशी पत्रांतून किती कडाडून भांडत होत्या, ते कुठल्या स्मरणदिनी वाचलं जातं? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, लॅटिनमध्ये असं काय पवित्र आहे, माझ्या माणसांना कळेल अशी भाषा का नको, असं त्या विचारतात. अंडं घातलेला पदार्थ खाणार नाही म्हणतात. धर्म बदलला म्हणून पोट कशाला बदलायचं? माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण टाकणार नाही, असा त्या सगळ्या पत्रांचा सूर. सिस्टरला हा गर्व वाटला. मला त्यात भक्तीच दिसते. ज्याला देवाची पर्वा नाही तो क्रुसावरच्या अक्षरांसाठी कशाला भांडेल?

आता कुणी म्हणेल, लक्ष्मीबाई आणि रमाबाई ही झाली थोर माणसं. खामगावच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या म्हातारीचं काय? तिनं ना ओव्या रचल्या, ना इंग्लंडात वाद घातला. तिच्याजवळ हजेरीशिवाय होतंच काय? आणि तू त्या हजेरीलाही नाकं मुरडतोस.

हा आक्षेप खरा आहे आणि त्यापुढे मला थोडं नमतं घ्यावंच लागतं. हजेरी ही फुकट मिळणारी गोष्ट नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत रविवारी मळ्यात न जाणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवणं. आमच्या खारपाणपट्ट्यात तर बाईचा अर्धा जन्म गोड्या पाण्यामागे जातो; पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं खारट पाणी ना प्यायला धड ना डाळ शिजवायला. हंडे भरून, पोरांचं आवरून, दारू प्यालेल्या माणसाचं बोलणं गिळून जी बाई दहाच्या उपासनेला वेळेवर पोचते, तिनं त्याआधी चार लढाया जिंकलेल्या असतात. आणि त्या दीड तासात ती बसते. आठवड्यात तेवढाच वेळ तिला कुणी उठवत नाही. शेगावला गुरुवारी जाणाऱ्या बाईचंही तेच. नेम हा नुसता आज्ञाधारकपणा नाही. नेमाच्या नावाखाली बायकांनी घराबाहेरचा आपला असा एक हक्काचा वेळ कमावला, आणि देवाचं काम म्हटल्यावर सासऱ्यालाही नाही म्हणता आलं नाही. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाकाला घेतलेल्या तांदळातून एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठीमुठींवर तिथल्या मंडळीचं केवढं तरी काम उभं आहे. मूठ रोजची, हजेरीसारखीच. तिला क्षुल्लक म्हणायची माझी छाती नाही.

पण म्हणूनच ‘एकही रविवार चुकवला नाही’ हे वाक्य अपुरं ठरतं. त्या रविवारांची किंमत काय पडली, हे त्यात येत नाही. मूठ दिसते, त्या दिवशी घरात कोण कमी जेवलं ते दिसत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत टबीथाची गोष्ट आहे, तिलाच दुर्कस म्हणतात. यापो गावात ती मरते. पेत्राला बोलावणं जातं. तो माडीवर येतो तेव्हा विधवा बायका त्याच्याभोवती रडत उभ्या असतात आणि दुर्कस त्यांच्यात असताना तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवतात. मला हा प्रसंग फार आवडतो, आणि पुढे ती जिवंत झाली त्या चमत्कारासाठी नव्हे. त्या बायका पेत्राला ती किती धार्मिक होती, हे सांगत बसल्या नाहीत. त्यांनी कपडा पुढे केला : हा बघा, ही शिवण बघा. मोजमापाचं पुस्तक त्यांच्या अंगावरच होतं. आणि लक्षात घ्या, हे दाखवणाऱ्या विधवा होत्या, मंडळीतले वडील नव्हते. बाईचं काम बाईला आठवतं, कारण ते तिच्या उपयोगी पडलेलं असतं. स्मरणाच्या उपासनेत बोलणाऱ्यांची यादी करताना आपण नेमकं उलटं करतो. आधी पाळक, मग वडील, वेळ उरला तर महिला मंडळ, ‘दोनच शब्द’. गोधडी शिवून दिलेली शेजारीण बाहेर चपलांपाशी उभी असते, तिला कुणी पुढे बोलावत नाही. ती बहुधा मंडळीतलीही नसते.

माणूस गेल्यावर विचारायला उशीर झालेला असतो, म्हणून मी हल्ली जिवंतपणीच विचारतो. मध्यंतरी अशाच एका ऐंशीच्या घरातल्या आजींकडे बसलो होतो. आधी सगळं ठरलेलंच निघालं : देवाची कृपा, पोरांचं बरं चाललंय, गुडघे दुखतात तरी जाते. मग मी विचारलं, ‘आजी, मंडळीत तुमचं कधी भांडण झालं का हो?’

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुनेला चहा टाकायला सांगितला.

‘एकडाव काय रे बापा,’ त्या म्हणाल्या. ‘बस, सांगतो.’

बायकांनी वर्षभर भिशीसारखे जमवलेले पैसे होते, आजाऱ्याच्या औषधाला म्हणून. ते कमिटीनं भिंतीच्या रंगाला काढले. रविवारी जाहीर करायला उठले तेव्हा आजी मागच्या बाकावरून उभ्या राहिल्या आणि डब्याची किल्ली कुणाकडे होती ते सगळ्यांसमोर विचारलं. उपासनेत बाई मधेच बोलली म्हणून पुष्कळ गवगवा झाला. नवरा घरी आल्यावर बोलला तो वेगळाच. पुढचे तीन रविवार आजी गेल्या नाहीत. पैसे परत डब्यात पडले, तेव्हा चौथ्या रविवारी जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

‘तीन रविवार चुकले माहे,’ आजी म्हणाल्या, आणि बशीत चहा ओतला.